पूल कोणासाठी?

इंग्लंडात ब्लेनहाइम नावाचा एका सरदार घराण्याचा भव्य प्रासाद आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या उद्यानात एक प्रचंड दगडी पूल बांधण्यात आला. त्याच्याखालून वाहत होता मात्र एक लहानसा ओढा! एवढ्या मोठ्या पुलाखाली एवढेसे पाणी शोभेना, म्हणून पुढे ओढा अडवून तेथे तलाव करण्यात आला आणि पुलाच्या पोटातील काही दालने पाण्याखाली गेली. पूल सुंदर खरा. परंतु त्यामुळे किती जणांची अडचण दूर झाली?

मुंबईच्या उपनगराच्या वेशीवरील माहीमचा कॉजवे दिसावयास अगदी साधा आहे. पूर्वी माहीम व वांद्रे यांच्यामध्ये खाडी आणि दलदल होती. लोकांना नावेतून जावे लागे व पावसाळ्यात जिवाला धोका असे. कंपनी सरकार खर्च करण्यास तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी एक लाख रुपये दिले. १८४१ साली काम सुरू झाले. मध्येच पैसा संपला, तेव्हा त्यांनी आणखी ५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली मार्ग पूर्ण झाला. त्यांची अट एकच होती : या वाटेने जाणाऱ्या कोणाकडूनही पथकर घेऊ नये.

देणगीपेक्षाही ही अट अधिक मोलाची आहे. कर नसेल तर डागडुजी कशी व्हावी, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे; परंतु तो भार साऱ्या नगराने आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलावा. पुलाच्या तोंडाशी नाके बसले, की बग्गीतील सावकाराला दिलेला पैसा जाणवतही नाही. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या कोळणीच्या मिळकतीला मात्र तोच पैसा कात्री लावतो.

माहीमहून अंधेरी, बोरिवलीकडे जाणारी असंख्य माणसे आजही हा मार्ग वापरतात. माहीमच्या बाजूचा लेडी जमशेटजी मार्ग त्या दात्रीचे नाव सांगतो. पण नावाच्या पाटीने ऋण फिटत नाही. जी वस्तू सर्वांची, तिची काळजीही सर्वांनीच घ्यावयाची असते. खाडीत केरकचरा न टाकणे एवढे तरी प्रत्येकाला करता येईल.