सेहरा, पुष्पचक्र आणि न कोमेजणारा मुगूट

गेल्या पावसाळ्यात कोर्लईला एका मयताला गेलो होतो. वारलेले मास्तर ख्रिस्ती, आमच्या अब्बांचे चाळीस वर्षांचे दोस्त. मुरुडहून निघालेली एसटी काशीद मागे टाकून कोर्लईला थांबली तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. शवपेटीवर पांढऱ्या शेवंतीचं गोल पुष्पचक्र ठेवलेलं होतं. अब्बांनी घरून आणलेली मोगऱ्याची ओंजळ त्याच्या बाजूला ठेवली, दोन मिनिटं उभे राहिले आणि बाहेर आले.

परतीच्या वाटेवर माझ्या पुतण्याने हळूच विचारलं, "चाचा, दादाजानांनी तिथे फुलं ठेवली. हे आपल्यात चालतं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण असाच एक प्रश्न कधीकाळी मीही विचारला होता. विचारला कसला, उत्तरच देऊन टाकलं होतं. माझ्या निकाहच्या दिवशी अम्मीने आदल्या रात्री जागून मोगऱ्याचा सेहरा गुंफला होता. मी तेव्हा नुकताच चार पुस्तकं वाचून शहाणा झालो होतो. भर मांडवात म्हणालो, "ही गैरांची चाल आहे, मी बांधणार नाही." अम्मी काही बोलली नाही. तिने सेहरा ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. आज तिच्या कबरीवर सब्जा वाढला आहे आणि त्या दिवशीचं तिचं गप्प राहणं मला अजून ऐकू येतं.

कोर्लईहून आल्यावर मी बायबल उघडलं. या फुलांच्या नि पानांच्या गोल चक्राचा मूळ अर्थ काय, ते पाहू लागलो. जे सापडलं, ते वाचकांपुढे ठेवतो.

मराठी बायबलमध्ये आपल्याला 'मुगूट' हा शब्द भेटतो आणि डोळ्यांपुढे सोन्याचा, हिऱ्यांचा ताज येतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत. राजाच्या कपाळावरचा तो 'डायाडेमा', आणि पानाफुलांचा वळलेला तो 'स्टेफानोस'. बहुतेक ठिकाणी आहे तो हा दुसरा, साधा, पाल्याचा. ऑलिम्पियाच्या मैदानात जिंकणाऱ्याला जंगली ऑलिव्हच्या फांदीचं असं कडं मिळे. रोमचा सेनापती विजयाच्या मिरवणुकीत लॉरेलची पानं डोक्यावर घाली. मेजवानीत पाहुणे फुलांची कडी घालत, देवळात मूर्तीला ती चढत, बळीच्या बैलालाही बांधली जात. म्हणजे एकच वस्तू, पण कुठे मान, कुठे मौज, कुठे पूजा.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांपुढे नेमका हाच पेच होता. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, १४ व्या अध्यायात, लुस्त्र गावची गोष्ट आहे. पौलाने एका पांगळ्याला बरं केल्यावर लोकांना वाटलं, देवच माणसाच्या रूपात उतरले. झ्यूसचा पुजारी बैल आणि माळा घेऊन वेशीपाशी आला. पौल आणि बर्णबा यांनी आपले कपडे फाडले आणि ओरडून सांगितलं की आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत. हा प्रसंग कोणत्याही मुसलमानाला आपला वाटावा असाच आहे. माणसाची पूजा नको, हेच तर त्यात आहे.

पुढे साधारण इ.स. २११ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने या विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. निमित्त एका शिपायाचं होतं. बादशहाकडून बक्षिसी घेताना सगळे शिपाई डोक्यावर लॉरेल घालून उभे, आणि हा एकटा ते हातात धरून उघड्या डोक्याने. त्याला कैदेत टाकलं. टर्टुलियन त्याच्या बाजूने उभा राहिला. पानांचं कडं ही मूर्तिपूजकांची चाल आहे, आपल्या ग्रंथात त्याची आज्ञा नाही, असा त्याचा मुद्दा. वाचताना मी थबकलो. मांडवात मी बोललो ते वाक्य अठराशे वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती माणूस बोलून गेला होता!

आणि आज कोर्लईच्या चर्चमध्ये शवपेटीवर पुष्पचक्र आहे. मग टर्टुलियन चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याच्या काळी ते कडं डोक्यावर घेणं म्हणजे दैवतांना आणि बादशहाला मान्यता देणं होतं. पुढे ती देवळं राहिली नाहीत, तो बादशहाही राहिला नाही. उरलं ते निरोप देणं आणि मान देणं. वस्तू तीच राहिली, पण तिच्यामागची नियत बदलली. आपल्याकडे सही बुखारीची पहिलीच हदीस सांगते की कर्मांचा निवाडा नियतीवर आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथाने ही प्रतिमा टाकली नाही, उलट तिला नवा अर्थ दिला. करिंथ शहराजवळ मोठे खेळ भरत. तिथल्याच लोकांना पौल लिहितो की धावपटू नाश पावणाऱ्या मुगुटासाठी घाम गाळतात, आपण नाश न पावणाऱ्यासाठी गाळू या. याकोबाच्या पत्रात परीक्षेत टिकणाऱ्याला जीवनाचा मुगूट आहे, पेत्राच्या पत्रात न कोमेजणारा गौरवाचा. त्याआधी शेकडो वर्षं यशया संदेष्ट्याने एफ्राइमच्या मद्यप्यांच्या डौलाला कोमेजणाऱ्या फुलांची उपमा दिली होती. आणि काट्यांचा मुगूट? शिपायांनी थट्टेसाठी बादशहाच्या पानांच्या कड्याची नक्कल केली, पानांच्या जागी काटे घेतले. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना सुळावर चढवलं गेलं नाही, अशी आपली श्रद्धा आहे. पण सत्ता सज्जनाची थट्टा कशी करते, हे समजायला त्या श्रद्धेची अडचण येत नाही.

आता सेहऱ्याकडे येऊ. नवरदेवाच्या डोक्यावरची फुलं ही एकाच कौमची मिरास नाही. गीतरत्नात सुलेमानला त्याच्या लग्नाच्या दिवशी त्याच्या आईने मुगूट घातल्याचा उल्लेख आहे. हो, आईने! यहुदी नवरदेवही मुगूट घालत. रोमन सेनापती वेस्पेशियनच्या स्वारीच्या काळात त्यावर बंदी आली, असं मिश्नात नोंदलं आहे. त्यांनी मुगूट सोडला तो दुःखापोटी, दुसऱ्याची चाल म्हणून नव्हे. आपल्या किनाऱ्यावर नवगाव, रेवदंडा, अलिबाग इथे बेने इस्रायली शतकानुशतकं आपल्या शेजारी राहिले. दहाव्या शतकात अल-मसूदी चौलला आला तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती होती. पुढे पोर्तुगीज आले, गेले, आणि कोर्लईकरांच्या बोलीत पोर्तुगीज ठेवून गेले. अशा किनाऱ्यावर कोणतं फूल कोणाचं, याची वाटणी कशी करणार?

विरोध करणाऱ्या आलिमांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. इतरांच्या पूजेची नक्कल होऊ नये, ही काळजी रास्त आहे. कबरीवर फुलं घालण्याबाबतही मतभेद आहेत. नबी सल्ल. यांनी दोन कबरींवर हिरव्या फांदीचे दोन भाग रोवले ही हदीस काही जण आधार मानतात, काही तो त्या प्रसंगापुरता मानतात. ज्याला जे पटेल ते त्याने करावं. पण आईच्या हातातली फुलं झिडकारायची असतील तर निदान हळू आवाजात झिडकारावीत, एवढं तरी मी शिकलो.

खरी गंमत पुढेच आहे. सेहऱ्याला नाही म्हणणारे आम्हीच जमातीच्या सत्कारात झेंडूचे जाडजूड हार गळ्यात घालून फोटो काढतो. गावात निवडून आलेल्याला हार, बदली होऊन आलेल्या साहेबाला हार, मदरशाला पंखे देणाऱ्यालाही हार. लुस्त्रच्या वेशीवर पौलाने कपडे फाडले, आम्ही मान पुढे करतो. फुलांनी आपल्याला देव करायला सुरुवात होते ती इथे. एका रात्रीच्या मोगऱ्यापेक्षा या हारांची चौकशी जास्त व्हायला हवी.

न कोमेजणारा मुगूट आपल्याकडेही आहे. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात येतं की जो कुरआन वाचेल आणि त्यावर अंमल करेल, त्याच्या आईवडिलांना कयामतच्या दिवशी नुराचा ताज घातला जाईल. वाचणाऱ्याच्या नव्हे, त्याच्या आईवडिलांच्या डोक्यावर! माझ्यापुरता हिशेब इतका साधा आहे. अम्मीने गुंफलेलं मी डोक्यावर घेतलं नाही. आता तिच्या डोक्यावर काही ठेवायचं असेल तर ते माझ्या वागण्यातूनच यावं लागेल.

पुतण्याला मी घरी आल्यावर सांगितलं, "बेटा, तुझे दादाजान मूर्तीला फुलं वाहायला गेले नव्हते. दोस्ताला निरोप द्यायला गेले होते. पुढच्या वर्षी तुझं लग्न आहे. तुझ्या आईने सेहरा गुंफला, तर घालायचा की नाही ते तू ठरव. पण आधी तिच्याजवळ बस आणि तिला विचार, हे तू कशासाठी गुंफतेस?"