संमती कोणाची?

कामगार ज्याला ‘ओटी’ म्हणतो, त्या जादा कामाचा दुप्पट मोबदला अनेक उद्योजकांना उपकार वाटतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाचा हेतू वेगळा होता. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडचे काम महाग केले, की मालकाला नवा माणूस घेण्याचा विचार सुचतो. ते स्वस्त झाले, की आहे त्यालाच राबविले जाते.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीचे निमित्त साधून गुजरात सरकारने १२ तासांच्या पाळीस अनुमती दिली आणि वाढीव तासांना साधाच दर ठरविला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द करून कायद्याप्रमाणे मोबदला देण्यास बजावले.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर, तर जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. अट कामगाराच्या लेखी संमतीची. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितेतही दुप्पट दर आहे आणि संमतीही आहे. गुंतवणूक यावी, याविषयी दुमत नाही. परंतु कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी सकाळी उभे राहिल्यास कळते! नकार देणाऱ्याचे नाव उद्या हजेरीपटावर राहील, याची हमी कोण देणार? संमतीपत्र कामगार संघटनेच्या साक्षीने घ्यावे आणि ते केव्हाही मागे घेता यावे, एवढी तरतूद तरी नियमांत हवी.