पहिला गुरू

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मुलाच्या पाठीला तेल चोळू लागली की तिच्या बोटांना एकामागून एक मणके लागतात. खांदा, बरगड्या, गुडघ्याची वाटी, सारे कसे ओळखीचे! पण त्या कातडीखाली कोणती शीर कोठून जाते, हे तिला विचारा. ती हसून म्हणेल, "ते डॉक्टरांना ठाऊक!" खरे आहे, पण डॉक्टरांना तरी ते कोणी शिकवले?

हिंगोलीचा दसरा आपण ऐकून आहोत. २०२४ साली तो तीन दिवसांवर आला असताना, ९ ऑक्टोबरला, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. वर्षाला शंभर विद्यार्थ्यांची सोय झाली. अशा विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र शिकावे लागते. आधी हाडे हाती येतात. प्रौढ माणसाची हाडे २०६. त्यांतली निम्म्याहून अधिक हातापायांच्या पंजांतच असतात!

मग विच्छेदनगृह. फॉर्मॅलिनने टिकवलेल्या देहाभोवती उभे राहून मुले एकेक पदर उलगडतात: त्वचा, चरबी, स्नायू, त्यांच्या आड दडलेल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. पुस्तकातील धमनी तांबडी आणि शीर निळी असते. देहात असे रंग दिलेले नसतात, शिवाय माणसागणिक त्यांचे फाटे बदलतात. उद्या शस्त्रक्रियेत हात चुकू नये, म्हणून तो येथे शिकायचा.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग हळूहळू घासून आतले थर पाहावेत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पुढे शिवाशिवीच्या धाकाने हे मागे पडले. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, ते मोठे धाडसच ठरले.

आता प्रश्न उरतो तो देह येतो कोठून? बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय मुंबई प्रांतात १९४९ च्या कायद्याने झाली. दुसरा मार्ग देहदानाचा. त्याचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. मृत्यूनंतर डॉक्टरांचा दाखला घेऊन देह लवकर पोचवावा लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य रोगाने गेलेल्याचा देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र आधी करता येते.

एक गोष्ट विसरू नये. अर्जावर सही करणारा त्या वेळी बोलायला नसतो. घरच्यांनी 'नको' म्हटले, तर कागद कपाटातच राहतो. म्हणून हे आधीच घरात बोलायला हवे. आजी म्हणतील, "सणासुदीला हे काय अभद्र!" पण अवघे घर एका पंगतीला बसते ते याच चार दिवसांत. शिवाय २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात या देहाला विद्यार्थ्यांचा पहिला गुरू म्हटले आहे. गुरूचे नाव घेण्यात अभद्र ते काय?