तीन दिवसांत बालशिक्षिका?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

पहिलीच्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकाला अध्यापनाची दोन वर्षांची पदविका पूर्ण करावी लागते आणि त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. ही अट रास्तच आहे. परंतु तेच मूल आदल्या वर्षापर्यंत ज्या अंगणवाडीत जात होते, तेथील सेविकेसाठी अध्यापन पदविकेची कोणतीही अट नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा नवा अभ्यासक्रम तिच्या हाती सोपविताना शासनाने त्यासाठी तिला दिले, ते तीन दिवसांचे प्रशिक्षण. सहा वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षे आणि तीन वर्षांच्या मुलासाठी तीन दिवस, या हिशेबामागे एक जुनी समजूत दडलेली आहे. मूल जितके लहान, तितके त्याला शिकविणे सोपे. लहानग्यांना सांभाळायला बाईमाणसाला वेगळे शिक्षण कशाला हवे, ही ती समजूत. गेल्या काही वर्षांतील सरकारी धोरणांनी ती कागदावर पुसून टाकली. व्यवहार मात्र अद्याप तिच्यावरच चालला आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ ही पाच वर्षे 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र आणली. बालकाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, याची नोंद या धोरणाने घेतली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, मे २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' या मोहिमेची घोषणा झाली आणि मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' हा ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. त्याखालच्या वयोगटासाठी 'नवचेतना' आहे. महाराष्ट्रात तर युनिसेफच्या सहकार्याने तयार झालेला 'आकार' हा कार्यक्रम त्याआधीपासूनच अंगणवाड्यांत पोहोचला होता. या साऱ्या दस्तऐवजांची दिशा योग्य आहे. मुलांनी खेळावे, बोलावे, गाणी म्हणावीत, हातांनी वस्तू हाताळाव्यात. पाटीवर अक्षरे गिरवून घेण्याची घाई करू नये, हे त्यांत स्पष्टपणे सांगितलेले आहे. प्रश्न आहे तो हे सारे मुलांपर्यंत पोहोचविणाऱ्या बाईच्या तयारीचा.

आटत गेलेली मुदत

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सुरुवातीच्या काळात अंगणवाडी सेविकेचे प्रशिक्षण काही महिन्यांचे असे. योजनेचा विस्तार झाला, सेविकांची संख्या काही लाखांवर गेली आणि प्रशिक्षणाची मुदत आटत गेली. पुढे नोकरीतील मूळ प्रशिक्षण २६ कामकाजाच्या दिवसांवर आले. त्यातही पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, वजनाच्या नोंदी, मातांचे प्रबोधन असे अनेक विषय. बालशिक्षण हा त्यांपैकी केवळ एक. आता नवा अभ्यासक्रम आला, तो तीन दिवसांच्या वर्गासह.

हे तीन दिवसही कसे, ते पाहण्यासारखे आहे. आधी राज्यस्तरावरील प्रमुख प्रशिक्षकांना दोन दिवस शिकविले जाते. हे प्रशिक्षक बहुतांशी बालविकास प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिका असतात. मग ते सेविकांना तीन दिवस शिकवितात. यांपैकी प्रत्येकाने लहान मुलांचा वर्ग स्वत: घेतलेला असतोच असे नाही. पायरीपायरीने खाली येणाऱ्या या पद्धतीत आशय पातळ होत जातो, हा शालेय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही जुना अनुभव आहे. सभागृहात चित्रफीत पाहता येते, पुस्तिका वाचता येते, गाणे पाठ करता येते. परंतु शिक्षण ज्यांच्यासाठी आहे, ती मुले त्या सभागृहात नसतात.

वस्तुत: बालशिक्षिकेचे कौशल्य मुलांच्या सहवासाबाहेर शिकताच येत नाही. एका खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र बसलेली असतात. एकाला दारातून निघून गेलेली आई हवी असते, दुसरे हातातला ठोकळा कोणालाही द्यायला तयार नसते, तिसरे आठवडाभर एक शब्द बोललेले नसते. मेळघाटातल्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, डहाणूच्या पाड्यावर वारली. अंगणवाडीतली मराठी त्या मुलांना परकी असते. न बोलणारे मूल मंद आहे, घाबरलेले आहे, की त्याला केवळ भाषा कळत नाही, हे ओळखायला नजर लागते. मुलाने रेघोट्या मारल्या तर त्याला 'हे काय काढलेस?' असे विचारायचे की आधी थांबायचे, हेही शिकावे लागते. ही नजर रोज मुलांमध्ये राहून आणि चूक दाखविणारे जाणते माणूस शेजारी असले, तरच तयार होते.

कोसबाडचा विसर

हे सांगण्यासाठी परदेशी दाखले देण्याची महाराष्ट्राला गरज नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे बालमंदिराच्या जोडीलाच अध्यापन मंदिर होते, म्हणजे शिकविण्याचे शिक्षण मुलांच्या शेजारीच दिले जात होते. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये स्थिरावले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी तेथे बिया, शिंपले, खडे आणि पाने आली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथे रुजला. आज देशभर सरकारी योजनेचे नाव झालेल्या 'अंगणवाडी'मागे या प्रयोगाची पुण्याई आहे.

देशाने कोसबाडकडून अंगण घेतले, बियांची आणि खड्यांची साधने घेतली, गाणी घेतली. घेतली नाही ती तेथील बालसेविका घडविण्याची पद्धत. शिकाऊ बाईने आधी मुले निरखावीत, मग जाणत्या शिक्षिकेच्या देखत त्यांच्याबरोबर काम करावे आणि दिवस संपल्यावर काय घडले याचा विचार करावा, या पद्धतीला वेळ लागतो. लाखोंच्या संख्येपुढे सरकारी यंत्रणेला हा वेळ परवडेनासा झाला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री देऊन शासनाने त्यांच्या कार्याचा गौरव केला, परंतु त्या कार्याचा गाभा मात्र बाजूलाच राहिला.

शिकवायला वेळ कोठे आहे?

प्रशिक्षण चांगले झाले, तरी ते वापरायला सवड हवी. अंगणवाडी सेविकेच्या कामाचा व्याप पाहिला तर शिकविणे हे तिच्या दिवसातले सर्वांत सहज मागे पडणारे काम ठरते. मुलांना ताजा आहार द्यायचा, गर्भवती व स्तनदा मातांची नोंद ठेवायची, गृहभेटी द्यायच्या, वजन-उंची घ्यायची आणि हे सारे 'पोषण ट्रॅकर'वर भरायचे. २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर पडताळण्याचे कामही त्यात आले. निवडणुकीच्या काळात मतदार याद्या असतातच. आहार वाटला नाही किंवा माहिती भरली नाही, तर वरून विचारणा होते. गोष्ट सांगितली नाही, तर कोणी विचारत नाही.

या संदर्भात तामिळनाडूतील एक अभ्यास उद्बोधक आहे. कार्तिक मुरलीधरन, अलेहान्द्रो गानिमियान आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थतज्ज्ञांनी तेथील ३२० अंगणवाड्यांत केलेल्या प्रयोगात निवडक केंद्रांना केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी आणखी एक कार्यकर्ती दिली गेली. शिकविण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणितातील प्रगती वाढली आणि मूळ सेविकेला पोषणाकडे अधिक लक्ष देता आल्याने कुपोषणही घटले. महाराष्ट्राने यातून घेण्याचा धडा सरळ आहे. एकाच बाईवर पोषण आणि पढाई दोन्ही लादून दोन्हींची अपेक्षा करणे हे काटकसरीचे वाटते खरे, पण त्यात दोन्ही बाजूंनी मुलाचेच नुकसान होते.

पात्रता वाढली, दर्जा तोच

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सेविकापदासाठी बारावी उत्तीर्ण ही किमान शैक्षणिक अर्हता ठरविली. पूर्वी दहावी पुरेशी होती. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पद मानधनीच राहिले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सेविकांचे मासिक मानधन ८,३२५ रुपयांवरून दहा हजारांवर नेण्याची घोषणा झाली. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप ५० दिवसांहून अधिक काळ चालला. राज्यातील अंगणवाड्यांची संख्या सुमारे एक लाख दहा हजार असल्याने त्याची झळ खेडोपाडीच्या मुलांना बसली. २०२४ मध्ये मानधनात पुन्हा वाढ झाली. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या खटल्यात त्या ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्वाळा दिला होता.

मानधनाचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न वेगवेगळा मानला जातो, तेथेच घोटाळा होतो. सहा महिने किंवा वर्षभर अभ्यास करून प्रमाणपत्र मिळविलेल्या सेविकेच्या हाती शेवटी काय पडते? पद तेच, मानधन तेच राहणार असेल, तर तिने रात्री घरकाम आटोपून मोबाइलवर धडे का पाहावेत, याचे उत्तर यंत्रणेपाशी नाही. 'ही सेवा आहे' असे म्हणत शिक्षिकेचे काम घ्यायचे आणि शिक्षिकेचा दर्जा नाकारायचा, हे फार काळ चालणार नाही.

शहरी मध्यमवर्गाने हा प्रश्न केवळ खेड्यांचा समजू नये. गल्लोगल्ली उघडलेल्या खासगी नर्सऱ्या आणि प्ले-स्कूलची स्थिती फारशी वेगळी नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. परंतु शिक्षण हक्क कायदा सहा ते १४ वर्षे वयोगटापुरता असल्याने त्याखालच्या वर्गांवरील शिक्षिकेच्या अर्हतेचे बंधन सैल राहिले. परिणामी कोठे काही महिन्यांचा 'माँटेसरी कोर्स' केलेली, तर कोठे केवळ इंग्रजी बोलता येणारी तरुणी वर्ग सांभाळते. राज्य शासनाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना संकेतस्थळावर नोंदणी करण्यास सांगितले. ही केवळ सुरुवात आहे. नोंदणीमुळे केंद्र किती हे कळेल. आत मुलांबरोबर कोण आहे आणि ती काय शिकून आली आहे, याची विचारणा त्यापुढे व्हायला हवी.

मार्ग धोरणातच आहे

शासनाची अडचणही समजून घेतली पाहिजे. देशातील सुमारे १४ लाख केंद्रांतील सेविकांना सहा महिने प्रशिक्षणाला पाठविले, तर अंगणवाड्यांना टाळे लागेल. मुलांचा आहार बंद ठेवून त्यांच्या शिक्षिकेला शिकवा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तीन दिवस आणि सहा महिने यांच्या मधला मार्ग शैक्षणिक धोरणातच लिहिलेला आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षभराची पदविका, दोन्ही काम न सोडता. आणि शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांकडून महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग, अशी ही तरतूद आहे. यातील दूरस्थ भागाची चर्चा फार होते, कारण तो स्वस्त आहे. प्रत्यक्ष वर्गाची चर्चा होत नाही. खरे प्रशिक्षण तेथेच होणार आहे.

त्यासाठी काही गोष्टी तातडीने करता येतील. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन चांगल्या अंगणवाड्या निवडून त्यांना सरावकेंद्रांचा दर्जा द्यावा. तेथील जाणत्या सेविकेकडे शेजारच्या सेविकांनी आळीपाळीने काही दिवस काम करावे आणि त्या काळात त्यांच्या केंद्रावर बदली कार्यकर्ती असावी. साधारण २५ अंगणवाड्या पाहणाऱ्या पर्यवेक्षिकेने नोंदवह्या तपासण्याआधी अर्धा तास मुलांमध्ये बसून सेविकेचे शिकविणे पाहावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि महिला व बालविकास विभाग यांनी एकमेकांकडे बोट दाखविणे थांबवावे. मूल एकच आहे, खाती दोन आहेत. आणि प्रमाणपत्र मिळविणाऱ्या सेविकेला वाढीव मानधन व 'बालशिक्षिका' हे पद मिळावे.

यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. तो आज वाचविला, तर पुढे तिसरी-चौथीत वाचता न येणाऱ्या मुलांच्या उपचारात्मक वर्गांवर खर्च करावाच लागतो. ८६व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्ये सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण यासाठी प्रयत्नशील राहण्याचे बंधन राज्यावर घातले आहे. या प्रयत्नाचे मोजमाप वाटलेल्या पुस्तिका आणि भरलेली सभागृहे यांवरून होऊ शकत नाही. आधी सेविकेला शिकण्यासाठी वेळ दिला पाहिजे आणि मग शिकविण्यासाठी. बालशिक्षणाचा पाया ज्या महाराष्ट्राने घातला, त्याने तरी हे इतरांच्या आधी करून दाखवावे.