विंचवाचं स्वयंपाकघर

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज कार्ड स्वाइप करणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? म्हणजे बॉस, सोमवार ते शुक्रवार आपण मुळशीतच असतो. वीकेण्डला फक्त एसीतल्या मुळशीतून धरणाकाठच्या मुळशीत जायचं असतं.

त्यासाठी सध्याचा हटके फंडा म्हणजे कॅरॅव्हॅन. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कुणी अशी गाडी भाड्यानं घेतं, कुणी जुनी व्हॅन सुताराकडे नेऊन आत पलंग आणि ओटा ठोकून घेतं. गादी, पडदे, दिव्यांची माळ, सगळ्याचं सॉल्लिड प्लॅनिंग होतं. भांडी मात्र निघायच्या रात्री एका गोणीत कोंबली जातात. मग चांदणी चौक सोडून पिरंगुटच्या दिशेला लागलं, की प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून खणखणाट! भांड्याला भांडं लागायचंच, ही म्हण संसारापुरती ठीक आहे. गाडीत ती परवडत नाही.

प्रश्न फक्त आवाजाचा नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर आतली मोकळी वस्तू त्याच वेगानं पुढे जाते. शाळेतलं गणित मांडून बघा : हा वेग साधारण १४ मीटरवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा आहे. म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून सुटलेला लोखंडी तवा, आणि खाली ड्रायव्हरची मान. ताम्हिणीच्या वळणांवर हा हिशेब लक्षात असलेला बरा.

म्हणून पहिला नियम : जड ते खाली. कुकर, तवा, पोळपाट, पाण्याचे कॅन हे सगळं जमिनीलगत आणि शक्यतो पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, पट्ट्यानं बांधून. वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या ताटल्या, चहाची गाळणी, फार तर पापडाचं पाकीट. ड्रॉवरला आणि कप्प्याच्या दाराला कडी हवीच. नुसतं लोहचुंबक घाटात दगा देतं.

दुसरा नियम आजीकडून उचला. तिच्या घरात उतरंड असायची, मोठं मडकं खाली, त्यावर लहान. गाडीत तीच उतरंड आत वळवायची : मोठ्या पातेल्यात मधलं, मधल्यात छोटं. प्रत्येकाच्या मधे जुन्या सुती पंचाचा तुकडा. खणखणाट बंद, नॉनस्टिकवर ओरखडा नाही, आणि पोचल्यावर तेच तुकडे भांडी पुसायला. कॅम्पिंगच्या दुकानात काढ-घाल करता येणाऱ्या दांडीचे महागडे सेट मिळतात. दांड्या निघाल्या की भांडी एकात एक बसतात, हेच त्यांचं कौतुक. अरे, आपल्या पातेल्याला दांडी कधी होती? एक सांडशी सगळ्या पातेल्यांना पुरते. आपल्याकडे हा सेट कित्येक पिढ्या वापरात आहे, फक्त त्याला ब्रॅण्ड नाही!

कुकरची जागाही फुकट घालवू नका. आतल्या डब्यांत मोजून तांदूळ आणि डाळ भरा. झाकण उलटं ठेवा, रिंग आणि शिट्टी एका छोट्या डबीत. झाकण घट्ट लावून दोन दिवस ठेवलं, तर उघडताना वास नाकात जातो. मसाल्याचा गोल डबा मात्र घरीच राहू दे. त्यातल्या वाट्यांना झाकणं नसतात, त्यामुळे दुसऱ्या वळणावर हळद मोहरीच्या घरी जाते. त्यापेक्षा फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या बऱ्या.

मुळशीचा पाऊस म्हणजे लोखंडाचा शत्रू. तवा धुतला की गॅसवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा, कागदात गुंडाळा, मगच कप्प्यात. ओलं भांडं बंद कप्प्यात ठेवलं, की सोमवारी तांबेरा तयार.

सिलिंडरशी मात्र नो टाइमपास. तो उभा, बांधलेला, हवा खेळती राहील अशा कप्प्यात. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. शेगडी पेटवायची ती थांबल्यावर, दार-खिडकी उघडून. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भरण्याचा क्रमही ठरवा. आषाढी वारीत दिंड्यांचे ट्रक भांडी-शिधा घेऊन वारकऱ्यांच्या आधी मुक्कामी पोचतात. उतरताच चूल पेटवायची, तर चुलीचं सामान हाताशीच हवं. आपल्यालाही आधी चहा लागतो. तेव्हा चहाचं भांडं सगळ्यात शेवटी आत.

खरकटी भांडी धरणाच्या पाण्यात विसळायची नाहीत. कागदानं पुसा, झाकणाच्या टबमध्ये भरा, घरी घासा. हे पाणी भिऱ्याला वीज करायला जातं, आणि त्याच्याखाली इथल्याच लोकांची गावं आहेत. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण वीकेण्डला हौसेनं म्हणतो. इथल्या कुटुंबांनी भांडीकुंडी उचलली ती कायमची. त्यांच्या काठावर आपल्या पोह्यांचं खरकटं सोडणं शोभत नाही.

शेवटी एक सोपी टेस्ट. सगळं भरून झालं की गाणी बंद करा आणि सोसायटीच्या आत एक चक्कर मारा. आवाज आला, तर थांबून शोधा कुठला आहे, आणि तिथे एक फडकं सरकवा. पुन्हा चक्कर. गाडी गप्प झाली की मगच गेटबाहेर.