रिकाम्या खाटांचे कौतुक

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे एक समाधान मोठ्या चवीने चघळले जात होते. 'पाहा, टाळेबंदी झाली आणि हृदयविकाराचे झटके कमी झाले! हवा स्वच्छ झाली, धावपळ थांबली, दोन वेळा घरचे अन्न पोटात जाऊ लागले. हृदयविभागातल्या खाटा रिकाम्या पडल्या आहेत!' हे बोलणारे अडाणी नव्हते. शिकलेसवरलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे लोक हे सांगत होते आणि ऐकणारे माना डोलावीत होते. तो समज अजून मेलेला नाही. दिवाळीला चार नातलग जमले आणि त्या दिवसांचा विषय निघाला, की कोणी ना कोणी हे वाक्य काढतोच. सणासुदीला मरणाच्या गोष्टी करू नयेत, हे मलाही कळते. पण खोटे समाधान सणाच्या दिवशीदेखील खोटेच असते.

खाटा रिकाम्या होत्या, हे खरे. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १८७ रुग्णालयांचा हिशेब मांडला, तेव्हा २०१९ च्या मानाने झटका येऊन दाखल झालेले रोगी सुमारे ३५ टक्क्यांनी कमी भरले. इंग्लंडात अशा दुखण्याचे ३,०१७ रोगी आठवड्याला दाखल होत, ते मार्चअखेर १,८१३ वर आले. इटलीत मार्चमधल्या एका आठवड्यात ही संख्या जवळजवळ निम्म्यावर उतरली. आता, रोग खरोखरीच ओसरला असता, तर जे थोडे रोगी आले त्यांची गत पूर्वीसारखीच व्हावयाची. पण त्याच इटलीत, त्याच आठवड्यात, मोठा झटका येऊन दाखल झालेल्यांपैकी १३.७ टक्के दगावले. आदल्या वर्षी हे प्रमाण ४.१ होते. हाँगकाँगच्या एका रुग्णालयाने मोजक्याच रोग्यांची नोंद ठेवली होती. पण ती बोलकी आहे. कळ उठल्यापासून डॉक्टर गाठेपर्यंत पूर्वी सुमारे ८२ मिनिटे जात, ती ३१८ झाली. हा निरोगीपणा म्हणावयाचा काय? रोग कमी झालेला नव्हता; रोगी उंबरठ्यावर अडला होता.

शिवाय, साथीच्या दिवसांत झटके कमी व्हावेत, हेच मुळी उलटे आहे. साध्या इन्फ्लुएंझाच्या तापानंतर पहिल्या आठवड्यात झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो, असे २०१८ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिले होते. कोरोना तर रक्तात गुठळ्या करण्यात त्याच्याही वरचढ. तेव्हा रिकाम्या खाटा पाहून ज्यांना आनंद झाला, त्यांना भीती वाटावयास हवी होती.

झटका म्हणजे काय होते? हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते आणि तिच्यावर पोसलेला स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत जे काम करते, ते बारा तासांनी करीत नाही. म्हणून इथे औषधाइतकीच घड्याळाला किंमत आहे. अशा वेळी आमच्या घरोघर काय चालले होते? 'पित्त झाले असेल', 'ओव्याचा अर्क घ्या', 'दवाखान्यात गेलात तर नसता रोग घेऊन याल', 'सकाळपर्यंत वाट पाहू'. सकाळ सगळ्यांच्याच नशिबी नव्हती.

यावर एक ठरीव उत्तर मिळते : 'लोकच घाबरले, त्याला कोण काय करणार?' मी शाळामास्तर आहे. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल नाही. पण एवढे मला कळते, की एखाददुसरा मुलगा चुकला तर दोष त्याचा. सगळा वर्गच एका उदाहरणात चुकला, तर शहाणा मास्तर मुलांना छड्या मारीत नाही, आपण फळ्यावर काय लिहिले होते ते पाहतो. आमच्या फळ्यावर काय लिहिले होते? 'घरीच राहा.' वाक्य बरोबर होते, पण अर्धे होते. 'आणि छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर क्षणभरही घरी राहू नका', हे पुढचे अर्धे कोणी मोठ्याने म्हटलेच नाही. टेलिफोन फिरवला की दरवेळी खोकल्याचा आवाज कानी पडे आणि मागोमाग हात धुण्याचा उपदेश. पण कळ आल्यावर कोणता नंबर फिरवावा, हे त्यात मी कधी ऐकले नाही. आम्हां शिक्षकांना घरोघर पाहणीला धाडले, तेव्हा हातातल्या कागदावर 'हृदयविकार आहे काय?' एवढाच प्रश्न होता. पुढे काय करावे, हे सांगण्यासाठी एक ओळही नव्हती.

आणि जो धीर करून निघाला, त्याच्या वाटेत काय होते? सोसायटीच्या तोंडाशी बांबू बांधलेले, गावाच्या वेशीवर काट्यांच्या फांद्या टाकलेल्या, जिल्ह्याच्या हद्दीवर पास मागणारे, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दवाखान्याच्या दारात 'आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा' म्हणणारे. रिपोर्टाला एक दिवस लागे. बंद पडलेली धमनी कोणाच्या रिपोर्टासाठी थांबते?

कोणी म्हणेल, 'साथच अशी होती. दुसरे काय करता आले असते?' टाळेबंदी नको होती, असे माझे म्हणणे नाही. डॉक्टर-परिचारिकांनी जिवावर उदार होऊन काम केले, तेही मी विसरलेलो नाही. पण करता येण्यासारखे होते, याचा पुरावा आहे. इंग्लंडात एप्रिल २०२० मध्येच सरकारी आरोग्यसेवेने जाहीर मोहीम काढून लोकांना सांगितले, की दुखणे अंगावर काढू नका, आम्ही तुमच्यासाठी उघडे आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथली संख्या २,५२२ पर्यंत चढली होती. ही सगळी त्या मोहिमेचीच किमया, असे मी म्हणत नाही. पण खरे सांगितल्याने कोणाचे नुकसान तर झाले नाही!

साथ पुन्हा येईल. नाव दुसरे असेल एवढेच. तेव्हा मागणी आताच करून ठेवली पाहिजे. साथीच्या प्रत्येक सरकारी फलकावर दुसरी ओळ कळ आलेल्या माणसासाठी असावी. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात त्याच्यासाठी वेगळे दार असावे, आणि त्या दारात तपासणीचा कागद कोणी मागू नये. तालुक्याच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढणारे यंत्र आणि गुठळीचे इंजेक्शन, दोन्ही असावीत आणि ती वापरणारा माणूस रात्रीही हजर असावा. रुग्णवाहिकेचा १०८ हा आकडा मुलांना पाढ्यांबरोबर पाठ असावा.

आणि पुन्हा कोणी रिकाम्या खाटांचे कौतुक करू लागला, तर त्याला विचारा : त्या खाटांवर ज्यांनी यावयास हवे होते, ती माणसे कोठे गेली?