आकडा चुकला

कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, म्हणजे आकड्यांशी माझा जन्माचा संबंध. मराठीत संख्या म्हणजे आकडा, हूक म्हणजेही आकडा आणि विजेच्या तारेवर चोरून टाकतात तोही आकडाच. यांतला मधला आकडा चुकला तर काय होते, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या सौभाग्यवतींना सातवीत शिवणाच्या तासाला क्रोशाची सुई दिली गेली. सुई पोलादी आणि नको तितकी बारीक. दोरा त्याहून बारीक, आणि रंग गर्द निळा. दोन तासांत साखळीची गाठोडी झाली आणि बाईंनी निकाल दिला, "तुझ्या हाताला वळण नाही." हा निकाल तीस वर्षे अपिलाविना कायम राहिला. रांगोळी फिसकटली, वळण नाही. करंजी फुटली, वळण नाही. मीही दोन-चारदा त्या निकालाचा आधार घेतला, हे कबूल करतो.

माझे म्हणणे असे, की दोष हाताचा नव्हता, सुईचा होता. "बारीक सुईवर हात बसला, की जाड आपोआप जमते," असे सांगणाऱ्या मावश्या आणि आत्या घरोघर आहेत. त्यांच्या हातचे रुमाल देखणे असतात, त्यात वाद नाही. पण हाच न्याय लावायचा, तर सायकल शिकणाऱ्या पोराला आधी तारेवर चालवले पाहिजे! आम्हीसुद्धा बँकेत नव्या पोराला पहिल्या दिवशी ३१ मार्चचा ताळा जुळवायला बसवत नाही.

नवशिक्याला आधी सुई कुठे घालायची ते दिसले पाहिजे. ४ ते ५ मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीची गुळगुळीत लोकर आणि फिका रंग, एवढे भांडवल पुरे. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर उसवता उसवत नाही. क्रोशाची खरी मजा तर उसवण्यात आहे. साध्या विणीत टाका पुरा झाला, की सुईवर एकच फास उरतो. तो सोडा, दोरा ओढा, सगळी चूक सरळ दोरा होऊन हातात! आमच्या लेजरला ही सोय असती तर!

एवढे ज्ञान गाठीला बांधून मी नगरच्या कापडबाजारात गेलो आणि रुबाबात म्हणालो, "आठ नंबर द्या." दुकानदाराने दोन सुया पुढ्यात टाकल्या. दोन्ही आठच्याच, पण एक बारीक, एक जाड. इथे माझी पदवी संपली. जुन्या इंग्रजी मोजणीत आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मोजणीत ५. इंग्रजी नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन वाढला की जाड, आणि अमेरिकेच्याच पोलादी सुयांचा नंबर वाढला की पुन्हा बारीक! आमच्याकडे जमा-नावेची अशी अदलाबदल केली तर चौकशी लागते. तेव्हा नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण कापडबाजार काही जागचा हलला नाही. मिलिमीटरचेही तसेच आहे.

बाकी गोष्टी सोप्या. अ‍ॅल्युमिनियमवरून लोकर सरसर सरकते. फास सारखे निसटत असतील, तर बांबूची सुई घ्या. अंगठा टेकायला चपटी जागा आहे का, ते बघा. सुई पेन्सिलीसारखी धरा नाहीतर सुरीसारखी. "अश्शीच धर" म्हणणाऱ्याला चहा टाकायला पाठवा. टाके आवळ येत असतील, तर स्वभावाला बोल न लावता अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या.

मी ५ मिलिमीटरची घेतली आणि काही न बोलता घरी टेबलावर ठेवली. पहिले दोन दिवस तिला कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी साखळी झाली, आठवड्याने मुक्या खांबांच्या ओळी, आणि महिन्याभरात माठावर टाकायला एक पिवळा चौकोन. ओळीच्या टोकाचा खांब मधूनमधून विसरल्यामुळे त्याची एक बाजू आत गेली होती.

"कडा जरा वाकडी आहे का?" मी सवयीने म्हणालो.

"अहो, वाकडी कुठली," ती पुढची ओळ मोजता मोजता म्हणाली, "वळण आहे ते."